लग्न झालेला तलाव

बाबांना नीट दिसत नाही, ही गोष्ट घरात तिघांना ठाऊक होती आणि त्यांतले एक, म्हणजे खुद्द बाबा, ती मानायला तयार नव्हते. "चष्म्याचा नंबर वाढला असन, दुसरं काय," असं म्हणून ते विषय संपवत. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. त्यात नजर कडेकडेनं विझत येते आणि मधलं तेवढं उरतं, म्हणजे माणूस समोरच्याशी डोळ्यांत डोळे घालून बोलतो आणि उठल्यावर दाराच्या चौकटीला खांदा आपटतो. चौबे कॉलोनीतल्या आमच्या दोन खोल्यांत बाबांनी आपटायचं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. तांब्या लवंडला की आई घाईघाईनं म्हणायची, "माझंच चुकलं वो, मीच ठेवला वाटेत." तांब्या रोजच्याच जागी असायचा.

आता एखाद्या मास्तराला किंवा दुकानदाराला हे झालं असतं तर निभलं असतं. बाबा नकाशे काढायचे. शहराची आखणी करणाऱ्या एका सरकारी कार्यालयात ते मुख्य ड्राफ्ट्समन होते. सर्वेअर लोक शेतांतून, पाऱ्यांतून, म्हणजे गावातल्या वस्त्यांतून हिंडून पेन्सिलीची शीट आणत, बाबा त्यावरून शाईचा पक्का नकाशा उतरवत, आणि रायपूर पुढे कुठे वाढणार, रस्ता कुठून जाणार, वस्ती कुठे होणार हे त्या शाईनं ठरायचं. त्यांची रेघ पाहायला भोपाळचे साहेब लोक टेबलाशी येऊन उभे राहत, असं आई सांगायची. आईचं सोडा, ती त्यांच्या शिंकेचंही कौतुक करायची. पण रेघ खरंच देखणी होती.

ती रेघ शेवटची दोन वर्षं माझी होती. मी एकोणीस वर्षांची, कॉलेजात भूगोल घेतलेली, हात बाबांच्याच वळणाचा. "घरी शांततेत चांगलं होते," असं ऑफिसात सांगून बाबा शनिवारी नकाशाची पुंगळी सायकलच्या दांड्याला बांधून आणत आणि रविवारी दुपारी खिडकीपाशी पाट मांडून मी शाई भरत बसे. बाबा शेजारी बसून सांगत. "नाल्याची रेघ मोडू नको. रेल्वे जाड. झोपड्या गाळू नको, माणसं राहतात तिथं." निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आई म्हणायची आणि वर खिडकीचा पडदा ओढायची, मग मी ओरडायची की उजेड गेला. गुढ़ियारीकडच्या राइस मिलचा भोंगा वाजला की तिसरा प्रहर झाला असं आम्ही समजायचो. भोंग्याबरोबर भाताच्या कोंड्याचा करपट वास यायचा, मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळत, आणि आई पाटाजवळ चहा न ठेवता लांब स्टुलावर ठेवायची, कारण एकदा बाबांनी नकाशावरची टाटीबंधची पूर्ण वस्ती चहात बुडवली होती.

घरात चौथं माणूस म्हणावं अशी एकच, सुकवारो मौसी. शहराच्या कडेच्या एका गावातून ती पाटीभर भाजी घेऊन पायी यायची. गावाचं नाव मी लिहीत नाही. आज तिथे सेक्टरचा नंबर आहे आणि जुनं नाव उच्चारलं तर रिक्षावाला मान हलवतो. चैत्रात बोहार भाजी, पावसाळ्यात चेच भाजी, थंडीत तिवरा. भाजी देऊन झाली की ती ओट्यावर टेकायची, आईकडून चहा घ्यायची आणि मला बोलायची. मी शाईचे हात घेऊन बाहेर आले की म्हणायची, "का करत हस नोनी, दिन भर करिया हाथ!" आईची मराठी आणि तिची छत्तीसगढ़ी, दोघी आपापल्या भाषेत बोलायच्या आणि त्यांना कधी काही अडलं नाही. तिची मुलगी बिसाहिन माझ्याच वयाची होती, लग्नही झालेली, आणि मी अजून काहून बिनलग्नाची हा त्या दोघींचा आवडता विषय होता.

जेठ महिन्यात बाबांनी एक मोठी शीट आणली. शहर त्या बाजूनं वाढणार होतं, सरकारी कॉलनी व्हायची होती. मी खुशीत होते, कारण इतकं मोठं काम पहिल्यांदाच आलं होतं. शाळा, पिंपळ, पाऱ्यातली घरं, सगळं उतरवत मी आले आणि एका मोकळ्या जागेशी अडखळले. सर्वेअरनं तिथे पेन्सिलीच्या ठिपक्यांनी एक वेडावाकडा घेर काढला होता, आत लिहिलं होतं 'सूखा', आणि बरोबर मधोमध एक बारीक वर्तुळ, त्याच्याशी 'लकड़ी का खंभा'. शेतसारा ठरवताना काढलेल्या जुन्या बंदोबस्ताच्या नकाशात तिथे नुसती पडीत जमीन होती. मी विचारलं, "बाबा, मधे एक लाकडाचा खांब दाखवला आहे, ठेवू का?" बाबा वाकले. मी बोट ठेवलं तिथे त्यांनी नाक टेकवलं. त्यांना खांब दिसला. खांबाभोवतीचा घेर त्यांना दिसला नाही, आणि मला वाटलं त्यांनी तोही पाहिला. "असल्या खांबाचं काय," ते म्हणाले, "उद्या कोणी काढून नेईन. सोड." मी खांब सोडला आणि घेरही सोडला. त्या कोऱ्या जागेवर पुढे ऑफिसात कोणीतरी प्लॉटांच्या चौकटी आखल्या, बाबांनी सही केली, आणि नकाशा लोकांच्या हरकतींसाठी भिंतीवर लागला. भिंतीवर लागलेला नकाशा वाचायला गावातून कोण येणार होतं?

भादो महिन्यात सुकवारो मौसीचा सासरा गेला. दहाव्याला तिनं आईला आग्रहानं बोलावलं, म्हणून आम्ही दोघी गेलो. आई वाटेत सांगत होती, "खायचं असन ते खाय, नाक नको मुरडू, तुझं नाक लय बोलते." घराशी पोचलो तर बायका नहावनला निघाल्याच होत्या. त्यांच्याकडे दहाव्या दिवशी पाऱ्यातल्या सगळ्या बाया एका रांगेत, एकीमागं एक, काही न बोलता पाण्यावर जातात, एकदमच पाण्यात उतरतात आणि ओलेत्यानं तशाच रांगेत परततात. आम्ही रांगेच्या शेवटी चालत राहिलो. घरांच्या मधून एक अरुंद पायवाट होती, ती संपली आणि समोर तलाव आला. काठोकाठ भरलेला. मधोमध पाण्यातून एक काळा, जाड लाकडी खांब वर आलेला. मी डावीकडे पाहिलं, शाळा होती. उजवीकडे पिंपळ होता. हीच ती मी कोरी सोडलेली जागा होती.

बाया पाण्यात होत्या. मी बिसाहिनला हळूच विचारलं की तो खांब कशाचा. ती रडत होती, पण माझ्या अडाणीपणाला हसलीच. "तरिया के बिहाव के खंभा आय, अउ का!" मग तिनं सांगितलं, आणि ते मी आजवर विसरले नाही. गावानं तलाव खोदला की त्याचं लग्न लावावं लागतं. सरईचं, म्हणजे सालाचं लाकूड आणतात, त्याला हळद लावतात, वाजंत्री, मांडव, गावजेवण, सगळं माणसासारखं, आणि तो खांब मधोमध रोवतात. लग्नाविना तलावाचं पाणी देवाला चालत नाही आणि मेलेल्याला तर नाहीच. हा तलाव एका दुष्काळात गावानंच खोदलेला, म्हणजे बंदोबस्ताच्या नकाशापेक्षा वयानं लहान, म्हणून त्यात नसलेला. आज ज्याचा दहावा होता त्या म्हाताऱ्यानं याच खड्ड्यातली माती डोक्यावर वाहिली होती आणि लग्नात तोच वरबाप होता. मी चौबे कॉलोनीतली पोट्टी. नळाचं पाणी प्यायलेली. तीन पिढ्या रायपुरात राहून मला खांब म्हणजे विजेचा एवढंच माहीत. बाबांना वर्तुळाभोवतीचा तो घेर नुसता दिसला असता तर ते खुर्चीवरून उठून ओरडले असते.

जेवण झालं. बरा-सोंहारी होती, उडदाचे वडे आणि पुऱ्या. आईनं मला पोटभर खा म्हणून डोळे दाखवले आणि मी एकही घास नीट गिळला नाही. घरी आल्या आल्या बाबांना सगळं सांगितलं. बाबा पहिल्यांदा भडकले. "घेर होता त सांगतलं काहून नाई मले? खांब खांब करत बसली!" मीही तिखट. म्हटलं, "तुम्ही पाहिलं ना वाकून!" झालं. हे वाक्य माझ्या तोंडून जायला नको होतं. बाबांनी चष्मा काढून हातात धरला. आई आत पोळ्या लाटत होती, तिचं लाटणं थांबलं. चष्मा पुन्हा लावत बाबा म्हणाले, "हरकतीची मुदत किती राहिली?" मी म्हटलं, आठवडा. "मंग उद्या जाऊ. पुंगळी धराले तू चाल संग." आई दारात येऊन उभी राहिली. "अवो, पण विचारतीन ना ते, चूक झाली कशी म्हणून. काय सांगान तुम्ही? नोकरी जाईन." बाबा म्हणाले, "तलाव गेला त त्या लोकाईनं मेल्यावर जायचं कुठं?"  सकाळी आईनं बाबांचा शर्ट दोनदा इस्त्री केला.

इथे थोडं विषयांतर करते, म्हातारीला तेवढं चालतं. मी पुढे तीस वर्षं कॉलेजात भूगोल शिकवला. देशाचा नकाशा फळ्यावर लावून पोरांना सांगायची की शहरं सगळीकडे सारखी उगवत नाहीत. पश्चिमेला बंदरं आणि गिरण्या होत्या, तिकडे गावची माणसं कधीचीच शहरांकडे गेली. खाली केरळात गाव कुठं संपतं आणि शहर कुठं सुरू होतं ते तिथल्यांनाही सांगता येत नाही. गावं बसल्या जागीच शहर झाली. आमचा हा मधला पूर्वेकडचा पट्टा मात्र किती तरी काळ कोराच होता, रेल्वेच्या रेघेवर दोनचार ठिपके, त्यांतलं एक रायपूर, धानाचं मोठं बाजारगाव. मग कारखाने आले, वेगळं राज्य झालं, राजधानी झाली, आणि कानामागून आली नि तिखट झाली असं या शहराचं झालं. मिळेल त्या गावावर ते चढत गेलं. आता पुण्या-नागपूरकडून नोकरीला आलेली मराठी कुटुंबं नव्या सेक्टरमधे राहतात, त्यांची मुलं माझ्याशी मराठीत सुरुवात करून हिंदीत संपवतात, आणि विचारतात, "आंटी, यहाँ पहले क्या था?" मी पोरांना हे सगळं तासभर शिकवत असे, आणि कोऱ्या जागेबद्दल बोलताना दर वर्षी माझा आवाज थोडा बसत असे. पोरांना वाटायचं मॅडमना खोकला आहे.

तर आम्ही ऑफिसात गेलो. साहेब तरुण होते, भल्या स्वभावाचे, पण घाईत. बाबांनी पुंगळी उलगडली आणि म्हणाले, "सर, इसमें तालाब छूट गया है. गलती मेरी है." माझं नाव त्यांनी काढलं नाही, डोळ्यांचंही नाही. साहेबांनी सर्वेची शीट मागवली, ठिपक्यांचा घेर पाहिला, मान हलवली. मला सुटल्यासारखं वाटलं. आणि साहेब सहज म्हणाले, "ठीक है, आप ही के हाथ से सुधार दीजिए. अभी. मैं यहीं साइन करता हूँ." त्यांनी पेन पुढे केलं.

बाबांनी पेन घेतलं. दहाबारा जण टेबलाभोवती जमले होते, बाबांची रेघ पाहायची म्हणून. बाबा वाकले. त्यांना रेघ दिसायची, पण ती कुठून आली आणि कुठे चालली ते दिसायचं नाही. निब नकाशावरून हिंडली, थांबली, पुन्हा हिंडली. मग ती शाळेवर येऊन थांबली आणि खाली येऊ लागली. मी बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांना खात्री होती. माझ्यापुढे दोनच वाटा होत्या, आणि दोन्ही वाईट. गप्प राहिले असते तर शाळेच्या डोक्यावर तलाव गेला असता, आणि खऱ्या तलावावर प्लॉट राहिले असते. मी सगळ्यांसमोर त्यांचं मनगट धरलं. "बाबा, इकडे," म्हटलं आणि हात चार बोटं उजवीकडे नेला.

 साहेबांनी माझ्या हाताकडे पाहिलं. माझी बोटं शाईनं काळी होती, दोन वर्षांची शाई, ती साबणानं जात नसे. "कब से?" त्यांनी विचारलं. मला वाटलं मला विचारताहेत. बाबा म्हणाले, "दो साल, सर." साहेब म्हणाले, "बेटी, तुम बनाओ." बाबांनी पेन माझ्या हातात दिलं आणि ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी तलाव काढला. घेर काढला, पाण्याच्या बारीक रेघा काढल्या, आणि मधोमध एक छोटं वर्तुळ. हात जराही हलला नाही. कोणीतरी मागून "वाह" म्हणालं, आणि बाबा खिडकीशी तसे उभे असताना मला त्या 'वाह'चा आनंद झाला, हे मी लपवत नाही. साहेबांनी विचारलं, "और कुछ रह गया हो तो?" मी ऐटीत म्हटलं, "नहीं सर."

नोकरी गेली नाही. बाबांना रेकॉर्ड रूममधे बसवलं, जिथे पाहायचं काही नव्हतं, नुसती धूळ आणि चावी. घरी पाट भिंतीला टेकवून ठेवला गेला. आठ दिवस बाबा माझ्याशी कामापुरतं बोलले. मी मनातल्या मनात रोज माफी मागायची आणि तोंडानं भाजीत मीठ कमी आहे म्हणायची. नवव्या दिवशी वरण कालवता कालवता ते एकदम हसले. "शाळेवर तलाव काढून राहिलो होतो मी, कुमुद. मास्तरच्या गळ्यापर्यंत पानी!" आई पदर तोंडाला लावून हसली, मग रडली. मीही दोन्ही केलं. त्यानंतर घरात त्यांच्या डोळ्यांबद्दल मोकळं बोलता येऊ लागलं, आणि तांब्या लवंडला की आई सरळ म्हणायची, "पाहा ना जरा, अवो, हाताने चाचपून पाहा."

सुकवारो मौसीला हे सगळं आईनं सांगितलं. मौसीनं माझ्या काळ्या बोटांचा मुका घेतला आणि त्या वर्षीच्या हंगामाची भाजी फुकट दिली. पुढे कॉलनी झाली, मग कॉलनीच्या पुढे सेक्टर झाले. भोवतालच्या गावांचे तलाव एकेक करून भरले गेले, पण हा राहिला. आज त्याच्याभोवती फरशीचा चालायचा रस्ता आहे, बाकं आहेत, संध्याकाळी लोक घड्याळात पावलं मोजत फिरतात. पाऱ्यातली घरंही आहेत, कॉलनीच्या भिंतीच्या मागे.

या थंडीत सुकवारो मौसी गेली. दहाव्याला मी गेले. आई-बाबा नाहीत, मी एकटीच. बाया रांगेत निघाल्या, मी पुन्हा शेवटी. घरं संपली आणि भिंत लागली. भिंतीला वळसा घालून आम्ही फाटकाशी गेलो. गार्ड पोरगेला होता, उद्धट नव्हता. म्हणाला, आतलं पाणी राहणाऱ्यांसाठीच आहे, कमिटीचा नियम आहे. मी पुढे झाले. म्हटलं, "भैया, ये तालाब नक्शे में मैंने बनाया है." त्यानं आदरानं विचारलं, "मैडम, किस ब्लॉक में रहती हैं?"

मला तिथे उभ्या उभ्या समजलं. पाऱ्यातून तलावाकडे जाणारी पायवाट सर्वेच्या शीटवर होती, दोन बारीक पेन्सिलीच्या रेघा, घेराबरोबर मीच सोडलेल्या. भादोत मी त्याच वाटेनं चालत गेले होते. साहेबांनी विचारलं होतं, और कुछ? आणि मी तलावाच्या लाटा काढण्याच्या नादात नाही म्हटलं होतं. वाट नकाशावर नव्हती म्हणून तिच्यावर प्लॉट पडले, प्लॉटांवर घरं झाली, घरांना भिंत झाली. इतकी वर्षं गावातल्या कोणीच मला सांगितलं नाही की त्यांना पाण्यावर जाता येत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं. बिसाहिननं माझा दंड धरला. "जान दे दीदी, बोरिंग म नहा लेबो." बाया हातपंपाशी गेल्या. हातपंपाखाली एका वेळी एकच बाई बसते. बाकीच्या कुडकुडत उभ्या राहिल्या. माझी पाळी आली तेव्हा बिसाहिनच पंप मारत होती, साठीला आलेली बाई, स्वतःच्या आईच्या दहाव्याला.

जेवताना तिनं सुनांना माझ्याकडे बोट दाखवून आपल्या दाईचा, म्हणजे आईचा, हवाला देत सांगितलं, "हमर तरिया ल एही दीदी बचाए रिहिस. दाई जिनगी भर कहत रिहिस." सुनांनी माझ्या पाया पडून माझ्या पानावर आणखी एक बरा वाढला. वाट माझ्याच हातून सुटली, हे तेव्हा बोलायला हवं होतं. बाबा एका रात्रीत ठरवून सकाळी साहेबांसमोर उभे राहिले होते, आणि त्यांची तर नोकरी पणाला होती. माझं काय जाणार होतं? पेन्शन चालू आहे, पाट कधीच मोडीत गेला. मी मान खाली घालून तो बरा खाल्ला आणि रिक्षा करून घरी आले.

महिना झाला. पायवाटेसाठी अर्ज लिहून ठेवला आहे, त्यावर गावाच्या वतीनं बिसाहिनची सही लागेल, आणि सही मागताना कारण सांगावं लागेल. बिसाहिनला मराठी वाचता येत नाही. म्हणूनच हे सगळं मला इथे इतक्या सहज लिहिता आलं.